पालापाचोळ्याखालची प्रजा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की तापलेल्या जमिनीतून जो सुगंध उठतो, त्याची वर्णने आपल्या कवींनी पुष्कळ केली आहेत. उत्तर प्रदेशातील कनौजच्या अत्तरकारांनी तर तो सुगंध भाजलेल्या मातीतून चंदनाच्या तेलात उतरवून कुप्यांत भरला. या सुगंधामागील एका प्रमुख द्रव्याची ओळख रसायनशास्त्रज्ञांना १९६५ मध्ये पटली आणि त्यास ‘जिओस्मिन’ हे नाव मिळाले. जमिनीतील ‘स्ट्रेप्टोमायसिस’ कुळातील जीवाणू हे द्रव्य तयार करतात. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध ज्या कुळाने दिले, तेच हे कुळ होय. परंतु या जीवाणूंनी सुगंध निर्माण करण्याचा खटाटोप कशासाठी करावा, हा प्रश्न पुढे अर्धशतकाहून अधिक काळ अनुत्तरितच राहिला.

त्याचे एक उत्तर इंग्लंड व स्वीडनमधील संशोधकांनी २०२० मध्ये दिले. जीवाणूंचे बीजाणू तयार होण्याच्या सुमारासच हा सुगंध सुटतो आणि त्या वासाने मातीतील एक अतिसूक्ष्म प्राणी जीवाणूंकडे ओढला जातो. तो ते जीवाणू खातो. काही बीजाणू त्याच्या अंगाला चिकटतात, काही त्याच्या विष्ठेतून जिवंत बाहेर पडतात आणि अशा रीतीने जीवाणूंचा प्रसार नव्या जागी होतो. फुलाने सुगंधाने मधमाशीला बोलवावे, तसाच हा प्रकार. आपण ज्याला मृद्गंध म्हणून गौरवितो, ते या प्राण्याच्या दृष्टीने जेवणाचे आमंत्रण असते. या प्राण्याला शास्त्रज्ञ ‘स्प्रिंगटेल’ म्हणतात. मराठीत त्यास सर्वत्र रूढ असे नाव नाही. पावसाळ्यात कुंडीच्या मातीवर किंवा साचलेल्या पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक ठिपके टुणटुण उडताना अनेकांनी पाहिलेले असतात. परंतु त्यांना ‘किडे’ यापलीकडे कोणी काही म्हणत नाही. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षांपूर्वी तुळशीच्या कुंडीत असे ठिपके पाहून त्यांवर कीटकनाशकाची फवारणी केली होती. तुळशीला त्यांचा काडीचाही उपद्रव नव्हता, हे नंतर वाचनात आले.

शेपटीखालची कमान

स्प्रिंगटेल प्राण्याची लांबी बहुधा एक ते तीन मिलिमीटर असते; काही जाती त्याहूनही लहान, तर थोड्या सहा मिलिमीटरपर्यंत वाढणाऱ्या. पायांच्या तीन जोड्या असल्यामुळे पूर्वी त्यांची गणना कीटकांत होत असे. परंतु त्यांना पंख कधीच फुटत नाहीत, मुखाचे अवयव डोक्याच्या आत दडलेले असतात आणि पोटाचे खंड केवळ सहाच असतात. या कारणांमुळे आता बहुतेक शास्त्रज्ञ त्यांचा ‘कोलेम्बोला’ हा स्वतंत्र वर्ग मानतात. हे नाव सर जॉन लबक यांनी दिले. हे गृहस्थ व्यवसायाने बँकर, इंग्लंडच्या पार्लमेंटचे सभासद आणि चार्ल्स डार्विन यांचे शेजारी होते. या प्राण्यांवरील त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पोटाच्या मागील भागाखाली दुहेरी काट्यासारखा एक अवयव पुढच्या बाजूस दुमडून ठेवलेला असतो. तो एका लहानशा आकडीत अडकविलेला असतो. संकटाची चाहूल लागताच आकडी सुटते, काटा जमिनीवर आदळतो आणि प्राणी आपल्या लांबीच्या कित्येक पट उंच फेकला जातो. उंदीर पकडण्याच्या चापाची कमान सुटावी, तसे हे घडते. ‘स्प्रिंगटेल’ म्हणजे शेपटीला कमान असलेला, हे नाव त्यावरूनच पडले. पोटाच्या पहिल्या खंडाखाली आणखी एक नळीवजा अवयव असतो. पाणी शोषून घेणे आणि पृष्ठभागाला चिकटून राहणे ही त्याची कामे. उडी मारताना या नळीला पाण्याचा थेंब धरून काही जाती हवेतल्या हवेत आपला तोल सावरतात व पायांवर उतरतात, असे २०२२ मध्ये जलद गतीच्या चित्रणातून दिसून आले.

जमिनीच्या थरागणिक त्यांचे रूप बदलते. पाचोळ्याच्या वरच्या थरात राहणारे रंगीत, केसाळ, डोळस आणि लांब उड्या मारणारे असतात. जसजसे खोल जावे, तसतसा रंग फिका होत जातो, डोळे नाहीसे होतात आणि कमान आखूड होते. अगदी खोल राहणाऱ्या अनेक जातींना ती नसतेच. मातीच्या कणांमधील फटीत उडी मारण्यास जागा कोठून असणार? हे प्राणी स्वतः माती उकरीत नाहीत. गांडुळे, वाळवी व मुळे यांनी करून ठेवलेल्या वाटांवर व पोकळ्यांवर त्यांचा संसार चालतो. यंत्रांच्या वजनाने जमीन दबून घट्ट झाली की त्यांची घरेच बुजतात.

या वंशाची प्राचीनता थक्क करणारी आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळ उष्ण झऱ्यांच्या गारेत जतन झालेले सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले. त्यांपैकी एका स्प्रिंगटेलचे वर्णन १९२६ मध्ये स्टॅन्ले हर्स्ट व एस. मौलिक या दोघांनी प्रसिद्ध केले. यांतील समरेंद्र मौलिक हे भारतीय कीटकशास्त्रज्ञ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करीत. डायनोसोर पृथ्वीवर अवतरण्यापूर्वी कितीतरी आधी, जमिनीवर पहिल्या वनस्पती नुकत्याच रुजत होत्या त्या काळात हे प्राणी आपले काम करू लागले होते.

संख्येचे बळ

जगात स्प्रिंगटेलच्या सुमारे ९,००० जातींची नोंद झालेली आहे. आपल्या देशात या प्राण्यांच्या अभ्यासाचा एक आरंभीचा टप्पा ए. डी. इम्स यांच्या १९१२ मधील लेखाने गाठला. अलाहाबाद येथे प्राध्यापक व नंतर डेहराडून येथे वन-कीटकशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी काम केले होते.

त्यांची संख्या किती असावी? एखाद्या चांगल्या वनातील एक चौरस मीटर जमिनीत काही हजारांपासून काही दहा-हजारांपर्यंत स्प्रिंगटेल आढळतात. जगभरातील मोजण्या एकत्र करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उत्तर ध्रुवाजवळील टुंड्रा प्रदेशात हा आकडा काही ठिकाणी चौरस मीटरला २० लाखांपर्यंत जातो असे नमूद केले आहे. पृथ्वीवरील सर्व स्प्रिंगटेलांच्या शरीरांतील कर्ब त्या अभ्यासानुसार सुमारे पावणेतीन कोटी टन भरतो. जमिनीवरील सर्व वन्य पृष्ठवंशी प्राण्यांची, म्हणजे हत्ती-गव्यांपासून पाखरा-बेडकांपर्यंत सगळ्यांची, बेरीज केली तरी ती याच्या एक-तृतीयांशच होते.

उष्ण प्रदेशात त्यांची संख्या टुंड्रापेक्षा बरीच कमी असते, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे पाचोळा फोडण्याच्या कामाचा मोठा वाटा वाळवी आणि गांडुळे उचलतात. शिवाय आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओलाव्यावाचून न जगणारा हा प्राणी खोल उतरतो किंवा काही जातींत अंड्यांच्या रूपाने तग धरतो. पाऊस सुरू झाला की मात्र त्याची प्रजा झपाट्याने वाढते. काही जातींत नराची गरजही लागत नाही. इतर जातींत नर आपले शुक्रबिंदू बारीक देठांवर जमिनीवर ठेवून निघून जातो आणि मादी ते उचलते.

बुरशीचे राखणदार

स्प्रिंगटेल पाचोळा कुजवितात असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाने कुजविण्याचे खरे काम बुरशी आणि जीवाणू करतात. स्प्रिंगटेल कुजकी पाने कुरतडतात हे खरे, तथापि त्यांचे आवडते अन्न म्हणजे बुरशीचे तंतू. यात त्यांची कामगिरी गुराख्यासारखी असते. गुरांनी बेताने चरलेले कुरण पुन्हा जोमाने फुटते, तशी बेताने खाल्लेली बुरशी नवे तंतू टाकून अधिक वेगाने वाढते. संख्या फार झाली व चराई अति झाली, तर बुरशी खुरटते. तेव्हा सर्व काही प्रमाणावर अवलंबून आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट नत्राची. कुजणाऱ्या पानांतील नत्र बुरशी आपल्या शरीरात साठवून ठेवते. तोपर्यंत ते पिकाच्या उपयोगी पडत नाही. स्प्रिंगटेल ती बुरशी खातो, त्यातील आपल्या गरजेपुरते ठेवून उरलेले नत्र अमोनियाच्या रूपाने मातीत सोडतो आणि मुळांना ते घेता येते. त्याच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांवर जीवाणूंची नवी वस्ती होते. हजारो पिढ्यांच्या अशा गोळ्यांनी वनातील वरच्या थरातील काळ्या, भुसभुशीत मातीचा बराच भाग घडलेला असतो. मातीतील हे व्यवहार एकेरी मात्र नाहीत. कॅनडातील संशोधकांनी २००१ मध्ये असे दाखविले की, पाइनच्या मुळांशी सहजीवन करणारी एक बुरशी उलट स्प्रिंगटेललाच मारते आणि त्याच्या शरीरातील नत्र झाडाला पोहोचविते.

पिकांच्या दृष्टीने आणखी एक बाजू लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात कापसाच्या रोपांना मर आणणाऱ्या ‘रायझोक्टोनिया’ या बुरशीवर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोग झाले. मुळांजवळच्या मातीत राहणारे काही स्प्रिंगटेल ही रोगकारक बुरशी आवडीने खातात व नियंत्रित वातावरणातील रोपांमध्ये त्यामुळे रोगाचे प्रमाण घटते, असे त्यांत दिसून आले. यावरून स्प्रिंगटेल सोडून कापसाचा रोग हटेल असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तथापि औषधाच्या डब्याबाहेरही रोगाला अटकाव करणाऱ्या शक्ती असतात, याचा तो पुरावा आहे.

भातशेतीतील उदाहरण तर कोकणातील वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. इंडोनेशियात तुडतुड्यांच्या प्रकोपानंतर १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालण्यात आली. पुढे जावा बेटावरील शेतांत जे निरीक्षण झाले, ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शेतात किडी फारशा नसतात. मग कोळी व इतर भक्षक जगतात कशावर? स्प्रिंगटेलसारख्या, कुजक्या पदार्थांवर जगणाऱ्या निरुपद्रवी जीवांवर. पीक वाढून तुडतुडे येईपर्यंत या भक्षकांची संख्या शेतात आधीच वाढलेली असते. सुरुवातीलाच फवारणी केली, तर ही फौज उपाशी मरते किंवा विषाने मरते आणि तुडतुड्यांना रान मोकळे सापडते.

या प्राण्याचा उपद्रव होतच नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात युरोपातून गेलेली एक हिरवट, गोल आकाराची जात लसूणघासाचा कोवळा पाला खरवडून खाते आणि तेथे ती महत्त्वाची कीड मानली जाते. अळिंबीच्या लागवडीतही काही जाती त्रासदायक ठरतात. पण ९,००० जातींच्या समुदायात असे अपवाद फार थोडे आहेत.

आरोग्यपत्रिकेत नसलेला रकाना

केंद्र शासनाने २०१५ मध्ये मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तिच्यामुळे आपल्या जमिनीत काय कमी आहे, काय जास्त आहे हे शेतकऱ्यास कागदावर कळू लागले, ही मोठीच सोय झाली. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्मद्रव्ये अशा बारा बाबी नोंदविल्या जातात. या बाराही बाबी रसायनशास्त्राच्या आहेत. मातीत काय जगते, याचा रकाना त्यांत नाही. सेंद्रिय कर्बाचा आकडा तेवढा त्या जीवसृष्टीच्या जवळपास जातो. पण कर्ब ही शिधासामग्री झाली, शिधा खाणाऱ्यांची मोजदाद नव्हे. अन्य देशांत जमिनीत विषारी द्रव्य किती घातक ठरेल हे ठरविण्यासाठी ‘फोल्सोमिया कँडिडा’ या पांढऱ्या स्प्रिंगटेलची पिल्ले चार आठवड्यांनी मोजण्याची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९९ मध्येच तिचे मानक प्रसिद्ध केले.

मोजदादीचे महत्त्व सांगण्याचे कारण आपल्याकडील पाचट. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट मिळते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे दहा टनांत पन्नास किलो. काडी ओढली की यातील बहुतेक नत्र हवेत जाते, कर्बाचा धूर होतो आणि मागे राखेत थोडे पालाश व स्फुरद उरते. वरच्या थरात राहणारे स्प्रिंगटेल पाचटाबरोबर जळतात. खोल राहणारे वाचले, तरी वर येऊन खाण्यास काही उरत नाही आणि उघडी पडलेली जमीन तापून वाळते. वाचलेल्यांपुढचा खरा प्रश्न त्या आगीपेक्षा पुढील उपासमारीचा असतो.

शेतकऱ्याला पाचट जाळावे का वाटते, हेही समजून घेतले पाहिजे. तोडणीनंतर सरीत पाय ठेवण्यास जागा नसते, खोडव्याला पाणी व खत देणे अवघड होते, उंदीर-सापांची भीती असते आणि मजूर मिळत नाहीत. या अडचणी खऱ्या आहेत. नुसत्या उपदेशाने त्या सुटणार नाहीत. यावर कृषी विद्यापीठांची शिफारस अशी की, पाचट सरीत पसरावे व दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू-संवर्धन टाकावे. युरिया कशासाठी, असा प्रश्न ग्रामसभेत हमखास विचारला जातो. पाचटात कर्ब भरपूर व नत्र अल्प असते. त्यामुळे कुजविणारी बुरशी व जीवाणू मातीतील नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. बाहेरून थोडे नत्र दिले म्हणजे ही ओढाताण टळते. पुढे ते बुरशीच्या शरीरातून मोकळे करण्याच्या कामात स्प्रिंगटेल आहेतच. त्यांना मात्र गोणीतून आणावे लागत नाही. ओलावा आणि आच्छादन मिळाले की बांधावरून, शेजारच्या पाचोळ्यातून ते स्वतःहून येतात.

कोकणातील राब भाजण्याची चालही याच प्रकारातील. भाताच्या दाढीसाठी पाला, कवळे व शेण पसरून ते पेटविल्याने तणाचे बी मरते, हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही. परंतु त्यासाठी दरवर्षी आसपासच्या रानातील पातेरा आणि फांद्या उतरविल्या जातात. एका लहानशा वाफ्याच्या स्वच्छतेसाठी बऱ्याच मोठ्या रानाची जमीन उघडी पडते.

याउलट चित्र पाहावयाचे असेल तर देवराईत जावे. देवाच्या रानातील वाळलेले पानही उचलू नये, असा दंडक अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. त्यामुळे तेथील पाचोळ्याचा थर वर्षानुवर्षे अबाधित राहिला. अलीकडे जीर्णोद्धाराच्या उत्साहात मंदिराभोवती फरशी घालणे, रान झाडून ‘स्वच्छ’ करणे हे प्रकार काही ठिकाणी होऊ लागले आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतीच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत व लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याचे काम त्यांच्याकडे आहे. देवराईतील वृक्ष व पक्षी यांच्याबरोबर तेथील पाचोळ्याच्या थराची जाडी आणि त्यातील प्राण्यांची एक साधी नोंद दर पावसाळ्यात घेण्यास या समित्यांना काहीच अडचण नसावी. झाडलोट कोठवर करावयाची, याचा निर्णयही मग डोळसपणे घेता येईल.

शाळेतील मोजणी

ही नोंद शाळेतील मुले सहज करू शकतील. पाऊस सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की एखाद्या जुन्या झाडाखालील ओला पाचोळा आणि त्याखालची बोटभर माती आणावी. तेवढीच माती पाचट जाळलेल्या शेतातून व पाचट ठेवलेल्या शेतातून आणावी. पसरट पांढऱ्या ताटात पाणी घेऊन त्यावर ती थोडी थोडी झटकावी. स्प्रिंगटेलच्या अंगाला पाणी चिकटत नाही; त्यामुळे माती बुडते आणि ते वर तरंगतात. काडीने हलकेच स्पर्श करताच उडी मारणारे ठिपके मोजावेत. साधे भिंग पुरते.

अधिक अचूक मोजणीसाठी इटलीतील आंतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये योजिलेले नरसाळे घरीच करता येईल. प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवावा, त्यात दोन-तीन मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवावी, जाळीवर पाचोळा ठेवावा आणि खाली काळ्या कागदाने गुंडाळलेल्या भांड्यात ओला टीपकागद घालावा. वर चाळीस वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा दोन-तीन दिवस लावून ठेवावा. एलईडी दिव्याची ऊब यास पुरत नाही. जुना दिवा न मिळाल्यास नरसाळे ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवावे. वरून पाचोळा वाळत जातो, तसतसे प्राणी ओलावा शोधीत खाली उतरतात आणि टीपकागदावर जमा होतात. त्यांत स्प्रिंगटेलबरोबर बारीक कोळ्यांसारखे माइट, गोमेची पिल्ले, एखादा विंचवाच्या आकाराचा पण नांगी नसलेला चिमुकला जीवही सापडेल. तिन्ही ठिकाणांचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत. मोजणी संपल्यावर टीपकागद आणि पाचोळा ज्या झाडाखालून किंवा शेतातून आणला, तेथेच संध्याकाळच्या वेळी नेऊन टाकावा. दुपारच्या उन्हात ते प्राणी काही मिनिटांत सुकून मरतात.